शाळेत यहुदी धर्म शिकवताना : नव्या शिक्षकांसाठी मार्गदर्शन

विविध धर्मांची ओळख करून देणारा विषय ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आलेला असतो, ते शिक्षक बहुधा फळ्यावर एक तक्ता आखून सुरुवात करतात : धर्माचे नाव, संस्थापक, धर्मग्रंथ, प्रार्थनास्थळ, मुख्य सण. मीही पहिली काही वर्षे हेच केले. यहुदी धर्माच्या ओळीपाशी मात्र हा तक्ता पहिल्याच रकान्यात अडतो. संस्थापक म्हणून अब्राहामाचे नाव लिहायचे की मोशेचे? यहुदी परंपरा अब्राहामाला ‘आपला पिता’ म्हणते आणि मोशेला ‘आपला गुरू’ म्हणते, पण धर्म स्थापन करणारा म्हणून दोघांपैकी एकाकडेही बोट दाखवत नाही. ग्रंथाच्या रकान्यात तोराह लिहावी, तर शतकानुशतकांच्या चर्चेतून घडलेल्या तालमुदावाचून तोराहचा अर्थ लावला जात नाही. प्रार्थनास्थळ म्हणून सिनेगॉग लिहावे, तर आठवड्यातला सर्वांत पवित्र दिवस सुरू होतो तो घरातल्या जेवणाच्या टेबलाशी. तक्त्यातली माहिती चुकीची नसते, पण त्याचा साचा वेगळ्या घडणीच्या धर्मांवरून बेतलेला असतो. म्हणून पहिली सूचना अशी की तक्ता शेवटच्या तासासाठी राखून ठेवावा, आणि तोवर यहुदी लोक स्वतःचा धर्म जसा जगतात त्या क्रमाने, म्हणजे घर, आठवडा, ग्रंथ, चर्चा आणि वर्ष या क्रमाने, पाठ आखावेत.

आधी स्वतःची भूमिका ठरवा

धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेतले काम दुसऱ्या प्रकारचे आहे. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेली टोलेडो मार्गदर्शक तत्त्वे याच भेदावर उभी आहेत : शिकवणे अचूक, न्याय्य आणि आदरपूर्वक असावे, आणि त्यामागे कोणालाही एखाद्या श्रद्धेकडे ओढण्याचा किंवा तिच्यापासून तोडण्याचा हेतू नसावा. वर्गात हे तत्त्व वाक्यरचनेत उतरते. ‘देवाने मोशेला सीनाय पर्वतावर तोराह दिली’ असे सरळ विधान करण्यापेक्षा ‘सीनाय पर्वतावर देवाने तोराह दिली असे यहुदी परंपरा मानते’ असे म्हणावे, आणि ‘ही एक जुनी समजूत आहे’ असा सूर तर चुकूनही लावू नये. ‘सर्व यहुदी’ या शब्दांऐवजी ‘पुष्कळ यहुदी’, ‘परंपरानिष्ठ यहुदी’, ‘काही कुटुंबे’ अशी बोलण्याची सवय लावून घ्यावी. नव्या शिक्षकाला सुरुवातीला हे जड वाटते, पण दोन-तीन आठवड्यांत मुलेही तसेच बोलू लागतात, आणि इतर धर्मांच्या पाठांत ती सवय आपोआप उपयोगी पडते.

शब्द तपासून घ्या

पाठ्यसाहित्यात ‘यहुदी’ आणि ‘ज्यू’ हे दोन्ही शब्द येतात. दोन्ही चालतात, मात्र मुलांना ते एकच आहेत हे पहिल्याच दिवशी सांगावे. ‘इस्रायली’ हा शब्द मात्र त्यांचा पर्याय नाही. तो एका देशाच्या नागरिकांसाठी आहे, आणि त्या नागरिकांत मुसलमान, ख्रिस्ती आणि द्रूझही आहेत. उलट जगातल्या सुमारे दीड कोटी यहुद्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक इस्रायलबाहेर राहतात. यहुदी असणे ही केवळ श्रद्धेची बाब नाही, हेही इथेच सांगावे लागते. पारंपरिक धर्मनियमाप्रमाणे यहुदी मातेच्या पोटी जन्मलेली किंवा विधिपूर्वक यहुदी झालेली व्यक्ती यहुदी असते, मग ती प्रार्थना करत असो वा नसो. दुसऱ्यांना आपल्या धर्मात आणण्याचा प्रचार यहुदी लोक सहसा करत नाहीत, ही गोष्ट मुलांना विशेष वाटते.

‘जुना करार’ हे ख्रिस्ती परंपरेने दिलेले नाव आहे. त्यात ‘नवा करार’ गृहीत धरलेला असतो, म्हणून यहुदी धर्माच्या पाठात ‘तनाख’ हा शब्द वापरावा. तोराह, नेव्हिईम म्हणजे संदेष्ट्यांचे ग्रंथ, आणि केतुविम म्हणजे इतर लेखन, या तीन भागांच्या आद्याक्षरांपासून तो शब्द तयार झाला आहे. देवाच्या चार अक्षरी हिब्रू नावाचा उच्चार यहुदी लोक करत नाहीत. प्रार्थनेत ते ‘अदोनाय’ म्हणजे ‘प्रभू’ म्हणतात आणि एरवी ‘हाशेम’ म्हणजे ‘ते नाम’ असे म्हणतात. मराठी बायबलमधून आपल्या ओळखीचा झालेला ‘यहोवा’ हा उच्चार म्हणूनच या पाठात टाळावा आणि ‘परमेश्वर’ किंवा ‘देव’ म्हणावे.

एका गैरसमजाकडे थोडे लक्ष द्यायला हवे, कारण तो शिक्षकांच्याही बोलण्यात असतो. ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ हे तोराहतले वाक्य सूडाचे ब्रीद म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे तोंडी परंपरेने चालत आलेल्या धर्मनियमांच्या संग्रहात, या वाक्याचे नुकसानभरपाईच्या नियमात रूपांतर झालेले दिसते, आणि भरपाई पाच बाबींवर मोजली जाते : शरीराची कायमची हानी, वेदना, औषधोपचाराचा खर्च, बुडालेला रोजगार आणि झालेला अपमान. हे पाच शब्द फळ्यावर लिहून, खेळताना एका मुलाचा हात दुसऱ्यामुळे मोडला तर प्रत्येक बाबीत काय धरायचे, एवढाच प्रश्न वर्गाला विचारावा. त्या एका चर्चेनंतर सूडाचा तो शिक्का सहसा पुन्हा ऐकू येत नाही.

सुरुवात शुक्रवारच्या संध्याकाळपासून

पहिला खरा पाठ शब्बातचा, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचा असावा. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे शब्बात शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लावून सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसण्याच्या सुमारास, म्हणजे सुमारे २५ तासांनी संपतो. वर्गातल्या टेबलावर एक पांढरा कपडा अंथरावा. त्यावर दोन मेणबत्त्या, एक पेला आणि वेणीसारखे गुंफलेले दोन पाव ठेवावेत, आणि पाव एका रुमालाने झाकावेत. या पावाला खल्ला म्हणतात. यानंतर काहीही न सांगता मुलांना पाच मिनिटे नुसते पाहू द्यावे आणि दिसेल त्यावर प्रश्न लिहायला सांगावे. ‘पाव दोनच का?’ आणि ‘झाकले का?’ हे दोन प्रश्न जवळपास दर वेळी येतात, आणि दोन्हींची परंपरेने दिलेली उत्तरे फार सुंदर आहेत. वाळवंटातल्या प्रवासात देव रोज मान्ना नावाचे अन्न पाठवत असे आणि शब्बातच्या आदल्या दिवशी ते दुप्पट मिळे, त्याची आठवण म्हणून पाव दोन असतात. एरवी आशीर्वादाचा पहिला मान पावाचा असतो, पण या रात्री किद्दुश म्हणजे पेल्यावरचा आशीर्वाद आधी म्हटला जातो, म्हणून मागे राहिलेल्या पावाला वाईट वाटू नये यासाठी तो झाकतात. निर्जीव पावाचाही मान राखायचा, तर टेबलाभोवती बसलेल्या माणसांचा किती राखायला हवा, हा प्रश्न मुलांच्या मनात न सांगता येतो. एका वर्गात एका मुलीने तो विचारण्याआधीच शेजारच्या मुलाचे खाली पडलेले दप्तर उचलून बाकावर ठेवले होते.

इथे एक मर्यादा पाळावी. वस्तू दाखवणे योग्य आहे, पण मुलांकडून आशीर्वाद म्हणवून घेणे किंवा शब्बातचे नाटक बसवणे योग्य नाही. त्या शब्दांत देवाला उद्देशून केलेली प्रार्थना आहे. ती दुसऱ्या श्रद्धेच्या मुलाच्या तोंडी घालणे त्या मुलावर अन्याय करणारे आहे, आणि प्रार्थनेला खेळ समजणे यहुदी कुटुंबांच्या मनाला लागणारे आहे.

शब्बातला वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार मिश्नेत सांगितले आहेत. पेरणे, भाजणे, विणणे, लिहिणे, अग्नी पेटवणे हे त्यांपैकी काही. ही यादी मुलांपुढे नुसती वाचली, तर शब्बात म्हणजे बंधनांचा दिवस असे चित्र तयार होते, आणि ते यहुदी लोकांच्या अनुभवाशी जुळत नाही. त्याऐवजी असे विचारावे की एक दिवस कोणीही काही बनवायचे नाही, विकत घ्यायचे नाही, फोन पाहायचा नाही असे घरात सर्वांनी ठरवले, तर त्या दिवशी घरात काय काय घडेल. मुले जे सांगतात त्यात एकत्र जेवण, गाणी, गोष्टी, फिरणे, झोप हे सगळे येते, आणि शब्बात पाळणाऱ्या घरांत नेमके तेच घडत असते. जीव वाचवण्यासाठी हे सर्व नियम बाजूला ठेवता येतात, किंबहुना ठेवलेच पाहिजेत, हा नियमही त्याच तासात सांगावा.

गुंडाळी, लेखणी आणि एक अक्षर

तोराह म्हणजे तनाखचे पहिले पाच ग्रंथ. सिनेगॉगमध्ये वाचली जाणारी तोराह छापील नसते. सोफेर नावाचा प्रशिक्षित लेखनिक ती प्राण्याच्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्रावर, पिसाच्या किंवा बोरूच्या लेखणीने, हाताने लिहितो. तीत ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि ती पूर्ण करायला सहसा वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. प्रत्येक शब्द लिहिण्यापूर्वी तो मोठ्याने उच्चारायचा असतो, आणि स्मरणातून लिहायला मनाई असते, मग लेखनिकाला सगळा मजकूर पाठ का असेना. एखादे अक्षर गळले, किंवा शाईला तडा जाऊन दुसऱ्याच अक्षरासारखे दिसू लागले, तर दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी सार्वजनिक वाचनाला चालत नाही.

हे सांगून झाल्यावर मुलांना एक कृती द्यावी. कोणत्याही साध्या परिच्छेदाच्या पाच ओळी समोर ठेवून, प्रत्येक शब्द आधी उच्चारून, एकही चूक न करता आणि खाडाखोड न करता उतरवून काढायच्या. परिच्छेद धर्मग्रंथातला नसावा. माझ्या अनुभवात तिसऱ्या ओळीपर्यंत वर्ग पूर्ण शांत होतो, आणि कोणाची तरी चूक झाली की तो पुटपुटतो, ‘आता सगळे पुन्हा?’ तिथे थांबून ३,०४,८०५ हा आकडा पुन्हा एकदा फळ्यावर लिहावा. वाचताना गुंडाळीला बोट का लावत नाहीत आणि टोकाला छोटासा हात असलेली ‘याद’ नावाची चांदीची किंवा लाकडी काठी का वापरतात, हे यानंतर वेगळे समजवावे लागत नाही. जीर्ण झालेली गुंडाळी टाकून देत नाहीत. ती आदराने पुरतात किंवा त्याआधी ‘गेनिझा’ नावाच्या कोठीत जपून ठेवतात. कैरोच्या एका सिनेगॉगमधल्या अशाच कोठीतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखो कागद आणि चर्मपत्रे अभ्यासकांच्या हाती आली, आणि त्यांत प्रार्थनांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रे आणि लहान मुलांचे अक्षरे गिरवण्याचे कागदही होते. वर्गातल्या मुलांना या शेवटच्या गोष्टीचे जितके अप्रूप वाटते तितके कशाचेच वाटत नाही.

वाद घालू द्या

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा पाठ आहे, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत तोच नसतो. तालमुदाच्या पानाचे चित्र मोठे करून दाखवावे : मधोमध मूळ मजकूर म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा, एका बाजूला अकराव्या शतकातील राशी या भाष्यकाराचे भाष्य, दुसऱ्या बाजूला त्याच्या नंतरच्या पिढ्यांची भाष्ये, कडेला आणखी संदर्भ. ज्यांची कधी भेट झाली नाही अशी वेगवेगळ्या शतकांतली माणसे या एका पानावर एकमेकांशी वाद घालत असतात, आणि ज्यांचे मत अखेरीस मान्य झाले नाही त्यांचे मतही पानावरून पुसलेले नसते. हे पान एकट्याने वाचायचे नसून ‘हवरूता’ म्हणजे अभ्यासाच्या जोडीदाराबरोबर मोठ्याने, हरकती घेत वाचायचे असते.

वर्गाला जोड्यांत बसवून मिश्नेतला एक प्रसिद्ध दावा द्यावा. दोन माणसे एकच वस्त्र धरून उभी आहेत. पहिला म्हणतो, ‘हे मला सापडले, सगळे माझे आहे.’ दुसराही तेच म्हणतो. निवाडा काय करावा? जोड्यांना दहा मिनिटे वाद घालू द्यावा आणि मगच मिश्नेचे उत्तर सांगावे : आपला वाटा निम्म्यापेक्षा कमी नाही अशी शपथ प्रत्येकाने घ्यावी आणि वस्त्राची किंमत वाटून घ्यावी. लगेच दुसरी स्थिती द्यावी : एक म्हणतो ‘सगळे माझे’ आणि दुसरा म्हणतो ‘निम्मे माझे’. आता? पुष्कळ मुले अर्धे-अर्धे म्हणतात. मिश्नेचे उत्तर तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश असे आहे, कारण निम्म्याबद्दल वादच नाही आणि वादग्रस्त निम्मे तेवढे वाटायचे आहे. हा तर्क एखाद्या मुलाला स्वतःहून सुचला, तर त्याचे वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावे. यहुदी परंपरेत अभ्यास हीसुद्धा उपासना का मानली जाते, हे त्या मुलाला आतून कळलेले असते.

हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंच्या शिष्यपरंपरांचा दाखलाही इथे द्यावा. त्यांच्यात शेकडो मतभेद होते. तालमूद म्हणतो की दोन्ही मते जिवंत देवाचीच वचने आहेत, तरी आचरणात हिल्लेलच्या शिष्यांचे मत धरावे, कारण ते नम्र होते आणि स्वतःचे मत सांगण्याआधी विरुद्ध बाजूचे मत सांगत. वर्गातल्या चर्चेचा नियम म्हणून मी हाच लावते : आधी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल असे मांडायचे, मग आपले.

वर्षाचे सण

सणांची लांबलचक यादी देण्याची गरज नाही. महिने चंद्राचे, पण सण ऋतूंना धरून असल्यामुळे १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना घालतात, एवढे सांगितले की इंग्रजी दिनदर्शिकेत सण मागेपुढे का होतात हे मराठी मुलांना चटकन समजते. रोश हशाना म्हणजे वर्षारंभ आणि त्यावेळी वाजवले जाणारे शोफार हे शिंग, योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा सुमारे २५ तासांचा उपवास, सुक्कोतची मांडवासारखी तात्पुरती झोपडी, यांना एक तास पुरतो.

पेसाहला मात्र पूर्ण तास द्यावा. इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेची कथा सेदेर या रात्रीच्या जेवणात सांगितली जाते, आणि ती सुरू होण्यासाठी घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने विचारायचे असते, ‘ही रात्र इतर सर्व रात्रींहून वेगळी का?’ मुलाच्या प्रश्नावाचून मोठ्यांची कथा सुरूच होत नाही. पुढे दहा आपत्तींची नावे घेताना प्रत्येक नावागणिक पेल्यातला एकेक थेंब बाहेर काढतात. आपल्या सुटकेसाठी इजिप्तच्या लोकांनाही सोसावे लागले, म्हणून आपला आनंदाचा पेला पूर्ण भरलेला नसावा, असा अर्थ पुष्कळ कुटुंबे त्याचा सांगतात.

हनुक्का डिसेंबरच्या आसपास येतो म्हणून त्याला ‘यहुद्यांचा नाताळ’ म्हणण्याची चूक सर्रास होते. धार्मिक दृष्टीने तो तुलनेने लहान सण आहे. इ.स.पू. १६४च्या सुमारास ग्रीक राजवटीविरुद्ध यहुद्यांनी केलेल्या मक्काबी बंडानंतर यरुशलेमच्या मंदिराचे पुन्हा समर्पण झाले, त्याची ती आठवण. त्यातही वाद आहेच : शम्मायचे शिष्य म्हणत, पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एक कमी करावा. हिल्लेलचे म्हणत, एकापासून सुरू करून रोज एक वाढवावा, कारण पवित्र गोष्टीत चढत जावे, उतरू नये. आज सर्वत्र दुसरी रीत चालते.

एकच आवाज नाही

मुलांना दिसणारी चित्रे बहुधा काळा कोट आणि काळी टोपी घातलेल्या दाढीवाल्या पुरुषांची असतात. ते यहुदी आहेत, पण यहुदी तेवढेच नाहीत. परंपरानिष्ठ, मसोर्ती (या दोहोंमधला मध्यम), सुधारणावादी असे प्रवाह आहेत, आणि मध्य व पूर्व युरोपातले अश्केनाझी, मूळचे स्पेन-पोर्तुगालचे सेफार्दी, येमेनी, इथिओपियाचे बेता इस्राएल, कोकणचे बेने इस्राएल अशा निरनिराळ्या प्रदेशांतल्या परंपरा आहेत. परंपरानिष्ठ सिनेगॉगमध्ये स्त्रिया व पुरुष वेगळे बसतात, सुधारणावादी सिनेगॉगमध्ये एकत्र बसतात. स्त्री राब्बी म्हणजे धर्मगुरू काही प्रवाहांत आहेत आणि काहींत नाहीत. रेगिना योनास यांना १९३५ साली जर्मनीत राब्बीपद मिळाले आणि १९४४ साली त्यांचा आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीत अंत झाला. एका आयुष्यात दोन मोठे विषय असे एकत्र येतात, म्हणून वरच्या इयत्तांना त्यांची ओळख जरूर करून द्यावी.

संहाराचा पाठ स्वतंत्र ठेवा

नाझी राजवटीने सुमारे ६० लाख यहुद्यांची हत्या केली, आणि त्यांत जवळपास १५ लाख मुले होती. ‘शोआ’ या नावाने ओळखला जाणारा हा इतिहास शिकवलाच पाहिजे, पण यहुदी धर्माची ओळख त्याने सुरू करू नये. ज्या मुलांनी शब्बातचे टेबल पाहिलेले नाही, त्यांच्या लेखी यहुदी म्हणजे फक्त मारले गेलेले लोक उरतात. आधी जगणे, मग त्याचा झालेला विध्वंस, आणि त्यानंतर पुन्हा उभे राहिलेले जगणे, हा क्रम धरावा. लहान इयत्तांत प्रेतांची छायाचित्रे दाखवू नयेत. कोणत्याही इयत्तेत मुलांना छावणीतले कैदी किंवा पहारेकरी बनवून अभिनय करायला लावू नये. असल्या कृतीने समजूत वाढत नाही, काही मुले हादरतात आणि काहींना तो खेळ वाटतो.

यहुदीद्वेष त्याआधी कितीतरी शतके होता. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व काळच्या यहुद्यांवर ठेवणारा आरोप रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेत अधिकृतपणे नाकारला. हे तारखेसह सांगितल्यास, धर्मसंस्था आपली जुनी शिकवण तपासून बदलू शकते, हेही मुलांना दिसते. पश्चिम आशियातल्या बातम्यांवरून वर्गात प्रश्न आले, तर ते दडपू नयेत. एखाद्या सरकारच्या धोरणावर मत असणे ही एक बाब आणि त्यासाठी जगभरच्या यहुद्यांना जबाबदार धरणे ही वेगळी बाब, ही रेषा स्पष्ट आखून द्यावी. वर्गात एखादे यहुदी मूल असेल, तर त्याला न विचारता साऱ्या धर्माचा प्रवक्ता करू नये. त्याच्या पालकांशी आधी बोलून घ्यावे, आणि बोलण्याची इच्छा त्या मुलाचीच असेल तेव्हाच त्याला संधी द्यावी.

पाहुणे आणि भेट

सिनेगॉगला भेट द्यायची असेल, तर ती शनिवारी ठरवू नये. परंपरानिष्ठ ठिकाणी त्या दिवशी लिहिणे किंवा छायाचित्रे काढणे चालत नाही. मुलग्यांनी डोके झाकायचे असते आणि त्यासाठीच्या टोप्या बहुधा तिथे मिळतात. प्रश्नांची यादी यजमानांना आधी पाठवावी. पाहुण्यांना शाळेत बोलावल्यास खाण्यापिण्याची व्यवस्था त्यांना विचारूनच करावी, कारण कोशेर म्हणजे आहाराचे धार्मिक नियम पाळणाऱ्यांसाठी पदार्थ कोणता एवढेच पुरत नाही, तो कोणत्या भांड्यात शिजला हेही पाहावे लागते. शक्य असल्यास दोन वेगळ्या प्रवाहांतले पाहुणे बोलवावेत आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारावा.

शेवटी काय तपासायचे

राखून ठेवलेला तो तक्ता शेवटच्या तासाला बाहेर काढावा. कोरा तक्ता गटांना देऊन विचारावे की यहुदी धर्मासाठी यातले कोणते रकाने नीट बसतात, कोणते बसत नाहीत, आणि तुम्ही स्वतः आखला असता तर कोणते रकाने ठेवले असते. एका गटाने ‘संस्थापक’ खोडून तिथे ‘प्रश्न कोण विचारतो’ असे लिहिले होते आणि त्याखाली ‘सर्वांत धाकटा’ असे उत्तर भरले होते. लेखी परीक्षेतही याच पद्धतीचा एक प्रश्न ठेवावा, आणि पहिल्या दिवशी झाकलेल्या पावाकडे पाहून मुलांनी लिहिलेले प्रश्न त्यांना परत देऊन, आता कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि कोणते नवे प्रश्न पडले, हे त्याच कागदाच्या मागे लिहून घ्यावे.